एका ओळीत मावलेली वर्षं

लुसिया हॅरिस हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं वय ५१ होतं आणि त्यातली २७ वर्षं शाळेत बास्केटबॉल शिकवण्यात गेली होती. जॉर्डन माहीत, मॅजिक जॉन्सन माहीत. माझ्या वर्गातल्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवा, स्टेफ करी कसा थ्री-पॉइंटर टाकतो ते तो अंथरुणातच हात करून दाखवेल. पण ऑलिम्पिकमध्ये बायकांच्या बास्केटबॉलची पहिली बास्केट कुणी टाकली, हे ना त्याला ठाऊक होतं, ना त्याच्या मॅडमला.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं पुण्याहून व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, "मॅडम, ही बघा, तुमच्यासारखीच आहे." वीस-बावीस मिनिटांचा माहितीपट. साठी उलटलेली एक धिप्पाड काळी बाई कॅमेऱ्यासमोर बसून बोलते आणि मधूनच स्वतःच्याच आठवणीवर अशी खळखळून हसते की बघणाऱ्यालाही हसू फुटावं. "तुमच्यासारखीच" म्हणजे नेमकं काय, हे मी पोरीला विचारलं नाही. उंची म्हणायची होती की वजन, कोण जाणे.

व्हिडिओ मी लागोपाठ दोनदा पाहिला. मग आठ-दहा दिवस शाळा सुटली की हिच्याबद्दल जे मिळेल ते वाचत बसले.

ती मिसिसिपीची. त्या राज्याच्या वायव्येला नदीच्या गाळानं भरलेला सपाट मुलूख आहे, त्याला डेल्टा म्हणतात. कसदार जमीन आणि नजर पोचेल तिथवर कापूस. तिथलं ग्रीनवुड हे गाव स्वतःला जगाची कापूस-राजधानी म्हणवून घ्यायचं. यवतमाळ जिल्ह्यात वाढलेल्या बाईला असल्या बिरुदांचं कौतुक नसतं. आमच्याकडेही पांढरं सोनं म्हणतात, आणि ते कुणाच्या घरात जातं हे वेचणाऱ्या प्रत्येकीला पाठ असतं. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला, तेव्हा इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडाची आठवण झाली. लढाई संपली तशी आठवणही ओसरली. इतिहासाच्या पुस्तकात याला दोन ओळी असतात. डेल्टाशी आमचं तेवढं एक जुनं नातं. दुसरं बटाईचं.

लुसियाचे आईवडील बटाईनं शेती करायचे. जमीन मालकाची, बियाणं मालकाच्या उधारीवर, हिशेबाची वही मालकाच्या कपाटात. १० फेब्रुवारी १९५५ला मिंटर सिटी नावाच्या वस्तीत ती जन्मली, अकरा भावंडांतली दहावी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, त्याच लेफ्लोर काउंटीतल्या मनी या गावी, शिकागोहून सुटीला आलेल्या एमेट टिल नावाच्या १४ वर्षांच्या काळ्या मुलाला रात्री घरातून उचलून नेलं आणि मारून नदीत टाकलं. एका गोऱ्या बाईशी आगाऊपणा केला असा आरोप. ज्यांनी नेलं त्यांना सगळ्या गोऱ्या ज्युरीनं महिन्याभरात सोडून दिलं. लुसिया तेव्हा पाळण्यात होती. ही मुलगी कुठे वाढली ते कळावं म्हणून सांगितलं. नाहीतर बास्केटबॉलच्या गोष्टी नेहमी रिंगपासूनच सुरू होतात.

पोरं शाळेतून आली की कापूस वेचायला. त्यातून वेळ उरला तर अंगणात लटकवलेल्या बास्केटशी भावंडांबरोबर झटापट. रात्री टीव्हीवर एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या पुरुषांच्या व्यावसायिक लीगचे, सामने लागायचे. आई दटावायची, झोपा आता. मग लुसिया गोधडी घेऊन टीव्हीवरच पांघरायची आणि आत शिरून बघत राहायची. ऑस्कर रॉबर्टसन तिचा देव. तो टाकतो तसाच शॉट आपला पडला पाहिजे, हा ध्यास. शाळेत उंचीवरून पोरं चिडवायची; लांब आहे, उंच आहे, बाकी काय आहे, अशा अर्थाचं काहीतरी यमक जुळवून.

हे ऐकलं आणि मला आत्या आठवली. मी १७ वर्षांची असताना ५ फूट १० इंच होते. आत्या मला दारातून वाकून आत येताना बघायची आणि सगळ्यांसमोर म्हणायची, "आता इच्यासाठी नवरदेव कोठून आनाचा व बाई?" तिचा त्यात दुष्टावा नव्हता. तिला खरंच काळजी होती.

लुसिया वाढत वाढत ६ फूट ३ इंचांवर थांबली. १९७३मध्ये क्लीव्हलंड गावातल्या डेल्टा स्टेट विद्यापीठात गेली. जेमतेम पिढीभरापूर्वी तिच्या रंगाच्या मुलीला त्या दारातून आत घेतलं नसतं. संघात ती एकटी काळी. आणि कोच कोण, तर मार्गारेट वेड.

या वेडबाईंची गोष्ट मला लुसियाइतकीच धरून ठेवते. १९३०च्या सुमाराला त्या स्वतः याच कॉलेजात खेळायच्या. मग एक दिवस वरून फर्मान आलं: हा खेळ मुलींच्या प्रकृतीला झेपणारा नाही, संघ बंद. मुली रडल्या आणि त्यांनी आपले गणवेश जाळून टाकले. वेडबाईंनी पुढची कितीतरी वर्षं हायस्कूलच्या मुलींना शिकवण्यात काढली. १९७२मध्ये अमेरिकेत कायदा झाला, टायटल नाइन नावाचा. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी भेद करता येणार नाही. डेल्टा स्टेटला चाळीस वर्षांपूर्वी बंद केलेला संघ आठवला, आणि साठीच्या वेडबाईंना बोलावणं आलं. याच कॉलेजानं ज्यांना खेळायचं बंद करा म्हणून सांगितलं होतं, त्याच बाई. मी असते तर गेले असते का? गेले असते, पण पहिल्या दिवशी काहीतरी खवचट बोलले असते.

मग लागोपाठ तीन वर्षं डेल्टा स्टेटनं राष्ट्रीय विजेतेपद सोडलंच नाही: १९७५, १९७६, १९७७. त्याआधी सलग तीन वर्षं फिलाडेल्फियाजवळचं इमॅक्युलाटा हे छोटं कॅथलिक कॉलेज जिंकत होतं. त्यांच्या प्रेक्षकांत कॉलेजच्या नन असायच्या, आणि त्या बादल्या बडवून आपल्या पोरींना चेव आणायच्या. १९७५च्या अंतिम सामन्यात डेल्टा स्टेटनं या कॉलेजचा ९०–८१ असा निकाल लावला. त्या हंगामात एकही सामना हरले नाहीत. विजयाची रांग पुढे ५१ सामन्यांपर्यंत लांबली. लुसियाची कारकीर्द बघा: कॉलेजमध्ये २,९८१ पॉइंट आणि १,६६२ रिबाउंड. एका हंगामात तर सामन्यामागे ३१हून जास्त पॉइंट. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एकाच सामन्यात ४७. आणि हे सगळं थ्री-पॉइंट रेषा नसतानाच्या काळात, म्हणजे लांबून टाकलेल्या बास्केटलाही दोनच पॉइंट मिळायचे तेव्हा.

पॉइंटपेक्षा माझं लक्ष रिबाउंडवर जातं. पॉइंट घेणारीचा फोटो येतो. रिबाउंड म्हणजे दुसरीचा हुकलेला शॉट सांभाळणं. बोर्डाखाली जागा धरायची, कंबर आणि मांड्यांनी मागचीला अडवायचं, कोपरं खायची, आणि चेंडू खाली यायच्या आधी वर जायचं. हे शिकवायला सगळ्यांत अवघड, कारण कुठल्याही मुलीला लहानपणापासून जागा सोडायलाच शिकवलेलं असतं. "सरक" म्हटलं की सरकायचं. मी पहिले दोन महिने फक्त तेवढं काढून टाकायच्या मागे असते. जुन्या चित्रफितीत लुसिया बोर्डाखाली उभी राहते तेव्हा नांगरलेली वाटते. चारही बाजूंनी हात, ती मध्ये, आणि चेंडू निवांतपणे तिच्याकडे.

१९७६चं माँट्रियल. पुरुषांचं बास्केटबॉल ऑलिम्पिकमध्ये १९३६पासून होतं; बायकांना चाळीस वर्षं वाट बघावी लागली. अमेरिकेचा पहिला सामना जपानशी, आणि बायकांच्या ऑलिम्पिक बास्केटबॉलमधले पहिलेवहिले दोन पॉइंट मिंटर सिटीच्या या मुलीचे. सामना अमेरिका ८४–७१नं हरली, हे कुणी सांगत नाही; मी मुद्दाम सांगते. पुढे सोव्हिएत संघानं तर त्यांना ११२–७७ असं लोळवलं. तिकडे सात फुटांच्या आसपासची उलियाना सेम्योनोवा होती. आयुष्यात पहिल्यांदा लुसियाला कुणाकडे तरी मान वर करून बघावं लागलं असेल. शेवटी अमेरिकेला रौप्य.

आणि मग १९७७. एनबीएच्या वार्षिक निवडीत न्यू ऑर्लिन्स जॅझ संघानं सातव्या फेरीत, १३७व्या क्रमांकावर तिचं नाव पुकारलं. पुरुषांच्या संघात. तिच्यामागे अजून ३३ पुरुष ताटकळत होते. याआधी १९६९मध्ये एका मुलीला असंच निवडलं होतं, पण लीगनं ती निवड रद्द केली. म्हणून अधिकृतपणे निवडली गेलेली लुसिया पहिली, आणि अजूनपर्यंत एकटीच. तिला वाटलं, हा जाहिरातबाजीचा खेळ आहे. ती चाचणीला गेलीच नाही. लग्न झालं होतं, आणि पोटात मूल होतं.

इथे प्रत्येक लिहिणारा थांबून उसासा टाकतो. काय झालं असतं, ती गेली असती तर! मला हा उसासा सहन होत नाही. ती सांगते की ज्या मुलांशी खेळायचं होतं ती अंगापिंडानं तिच्यापेक्षा आडदांड असती, आणि तिथे आपला निभाव लागेलसं तिला वाटलं नाही. ती स्वतःच्या खेळाची पारख आपल्यापेक्षा नीट करू शकत होती, एवढं तरी मानावं. तिच्यावर अन्याय झाला तो वेगळाच. देशातल्या सर्वोत्तम खेळाडूला बावीसाव्या वर्षी कॉलेज संपल्यावर खेळायला जागाच नव्हती. त्याच वयाच्या पुरुषाला पगार, घर, बुटांच्या जाहिराती मिळाल्या असत्या, आणि ते ती माहितीपटात स्पष्ट बोलून दाखवते. बायकांची एक व्यावसायिक लीग १९७८मध्ये निघाली; लुसिया त्यात ह्यूस्टन एंजल्सकडून एक हंगाम खेळली; १९८१ला लीग मिटली. आज आपण बायकांची जी डब्ल्यूएनबीए लीग बघतो ती १९९७ची. तेव्हा लुसिया ४२ वर्षांची होती.

मधल्या वर्षांत मनानं दगा दिला. बायपोलर डिसऑर्डर. हेही ती लपवत नाही, रडतही नाही. गुडघा दुखावला होता असं सांगावं तसं सांगते. मला आमच्याकडची एक सेंटर, म्हणजे बोर्डाखाली खेळणारी, आठवली, विद्यापीठाच्या संघातली माझी मैत्रीण. तिच्याबद्दल घरचे वर्षानुवर्षं "जरा तब्येत बरी नसते" एवढंच म्हणत राहिले आणि आम्हीही तेवढंच विचारत राहिलो. जाऊ दे.

डेल्टा स्टेटमध्ये लुसियानं नोकरी केली, तिथे सहायक कोचही होती. १९८४मध्ये तिथूनच शिक्षणशास्त्रात एम.ए.च्या तोडीची पदवी घेतली. दोन वर्षं ह्यूस्टनच्या टेक्सस सदर्न विद्यापीठात मुख्य कोच. आणि मग मिसिसिपीत परत. ग्रीनवुडच्या ज्या अमांडा एल्झी हायस्कूलमध्ये ती स्वतः शिकली आणि खेळली, तिथल्या मुलींनाही तिनं शिकवलं. चार मुलं वाढवली.

झालं. मी जेवढं वाचलं त्यात बहुतेक ठिकाणी याला एक ओळ होती. "नंतर तिने शाळेत शिक्षिका आणि प्रशिक्षक म्हणून काम केले." कॉलेजच्या चार वर्षांना चार पानं, या सगळ्या वर्षांना पूर्णविरामासह एक ओळ. उसासा टाकणारे आणि गौरव करणारे, दोघंही तिला शाळेच्या फाटकापर्यंत सोडून परत फिरतात.

त्या फाटकाच्या आत काय असतं ते मला माहीत आहे. मिसिसिपीचं नाही, आमचं.

स्टोअररूमची किल्ली असते, जी हेडमास्तरांच्या टेबलात ठेवायची असा नियम असतो आणि जी कायम माझ्या पर्समध्ये असते. सहा चेंडू असतात, त्यातले दोन रात्रीतून हवा सोडतात. पंप असतो, पण त्याची सुई कुणीतरी नेलेली असते. सिमेंटचं कोर्ट असतं, आणि एका वर्षी गॅदरिंगच्या मांडवासाठी बरोब्बर फ्री-थ्रो लाइनवर बांबूचे दोन खड्डे पाडलेले असतात. ते बुजवायला तीन अर्ज लागतात. दारात वडील उभे असतात: मॅडम, पोरगी सातच्या आत घरी पाहिजे. चड्डी घालून खेळायचं का? घालायचं. आत लेगिंग चालेल का? चालेल बाबा, पळू तर द्या. दहावीच्या वर्षी हेच वडील पुन्हा येतात, आता आवाज मऊ: खेळाचे ग्रेस मार्क किती मिळतील? नोकरीत खेळाडूंना पाच टक्के असतात ना?

तालुका, जिल्हा, विभाग. विभागाला आम्ही बहुतेक वेळा हरतो. एसटीनं रात्री परत येताना पोरी आधी रडतात, मग गाणी म्हणतात, मग एकमेकींच्या अंगावर झोपतात, आणि मी डोकी मोजत जागी असते.

एक मुलगी पहाटे साडेपाचला यायची. सराव साडेसहाला. मी एकदा लवकर गेले तर ही उंच उडीच्या गादीवर गाढ झोपलेली. घरी बाप दारू पिऊन रात्रभर गोंधळ घालायचा. तिला झोपायला तेवढीच जागा मिळाली होती. किल्ली तिला मीच दिली होती, चेंडू काढून ठेवायला म्हणून. पुढे वर्षभर मी सव्वासहाच्या आत कधी गेले नाही. तिला ले-अप, म्हणजे धावत येऊन जवळून टाकायची बास्केट, धड जमला नाही कधी. आज ती पोलिसात आहे, उंची कामी आली. अहवालात हिला कुठल्या रकान्यात टाकायचं ते मला अजून सुचलेलं नाही. आमच्या शाळेचा क्रीडा अहवाल फक्त पदकं मोजतो.

माझ्या खेळाची गोष्ट फार छोटी आहे. विद्यापीठाकडून दोनदा खेळले, कलर कोट मिळाला. तो कपाटात डांबराच्या गोळ्या टाकून ठेवलाय. बटणं आता लागत नाहीत. तेव्हा गावातले म्हणायचे, एवढं खेळून काय मिळालं, शेवटी मास्तरीणच ना. तो "शेवटी" मला बरीच वर्षं टोचत होता. लुसियाच्या त्या एका ओळीतही तोच "शेवटी" बसलेला आहे, फक्त इंग्रजीत लिहिल्यामुळे सभ्य दिसतो.

१९९२मध्ये नेस्मिथ हॉल ऑफ फेमनं, म्हणजे बास्केटबॉलमधल्या थोरामोठ्यांच्या मानाच्या दालनानं, तिला आत घेतलं. नेरा व्हाइट आणि ती, खेळाडू म्हणून तिथे पोचलेल्या पहिल्या दोन बायका. सोबत मंचावर कोण हवं ते निवडायचं होतं. तिनं ऑस्कर रॉबर्टसनला बोलावलं, आणि तो आला. गोधडीखालचा तो.

१८ जानेवारी २०२२ला ती गेली, ६६व्या वर्षी. माउंड बायू इथे. गुलामीतून सुटलेल्या माणसांनी १८८७मध्ये दलदल तोडून, झाडं कापून स्वतःसाठी वसवलेलं हे गाव, डेल्टाच्याच कापसात. जन्मगावापासून फार लांब ती मेली नाही. दोनेक महिन्यांनी त्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं; हा दुसरा ऑस्कर बघायला ती नव्हती.

आत्या आता ८६ची आहे, माझ्याकडेच असते. मी तो व्हिडिओ लावला की शेजारी येऊन बसते. इंग्रजी कळत नाही, पण लुसिया हसली की हीसुद्धा बोळक्या तोंडानं हसते. एका संध्याकाळी तिनं विचारलं, "कोन व्हय हे बाई?"

म्हटलं, लई मोठी खेळाडू होती. आईबाप बटईनं शेती करायचे. लहानपणी कापूस वेचायची.

"कापूस?" आत्या सरळ होऊन बसली. "तिकडं बी कापूस?"

मग मी मोबाईलवर शोधून तिला डेल्टातल्या वेचणीचा एक जुना फोटो दाखवला. काळ्या बाया, डोक्यावर टोपल्या, आणि प्रत्येकीच्या खांद्याला अडकवलेली आठ-नऊ फूट लांब पिशवी, सरीतून मागे फरपटत येणारी. आत्यानं चष्मा लावला, फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. तिच्या उभ्या जन्मातली वेचणी कमरेला बांधलेल्या ओटीत झालेली.

"हे मांगं वढत नेते?" ती म्हणाली. "भरल्यावर कशी वढत असन व माय? ओटी बांधाची ना पोटाशी. असं वढून तं खांदा जाते."

आणि फोन माझ्या हातात परत देताना स्वतःचा उजवा खांदा चोळत राहिली.